श्रोत्यांसाठी लाइव्ह नेट धुंडाळायचं कसं

आमच्या सामुदायिक रेडिओवर दर गुरुवारी संध्याकाळी मी तासभर माइकसमोर बसून इंटरनेट धुंडाळते. श्रोते प्रश्न विचारतात, मी लाइव्ह शोधते, शेजारी बसलेला जाणकार समजावून सांगतो. इतर केंद्रांवरच्या निवेदकांचे सारखे फोन येतात, "ताई, हे जमवता कसं?" म्हणून एकदाचं लिहूनच ठेवते.

कल्पना माझी नव्हे. श्रीलंकेत महावेली नदीच्या खोऱ्यात कोत्मले नावाचा सामुदायिक रेडिओ सुरू झाला होता. युनेस्कोच्या मदतीने १९९९च्या सुमारास तिथे ६४ केबीपीएस वेगाची इंटरनेट लाइन आली. गावात संगणक जवळपास नव्हतेच, नेटवरचा मजकूर बहुतेक इंग्रजीत आणि श्रोते सिंहली-तमिळ बोलणारे. मग श्रोत्यांनी पत्राने किंवा फोनने प्रश्न पाठवायचे, निवेदकाने कार्यक्रम चालू असतानाच नेटवर शोधायचं आणि सोबतच्या जाणकाराने ते उलगडायचं, असं ठरलं. आरोग्याचा विषय असला की डॉक्टर स्टुडिओत. जोडीला गंपोला आणि नावलपिटिया इथल्या वाचनालयांतही लोकांसाठी नेट दिलं. आज आमच्या गावातल्या पोरांच्या फोनवर त्याच्या कितीतरी पट वेग आहे, तरी प्रश्न येतातच. फोन पोराच्या हातात असतो आणि प्रश्न आईच्या मनात, तो पोराला विचारायची तिला लाज वाटते.

प्रश्न गोळा करायला व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज उत्तम. लिहून मागवलेत तर निम्म्या बाया गळतील. बुधवारी मी सगळे ऐकते आणि तीनच निवडते. तासाला चौथा मावत नाही. आवाज हवेवर लावण्याआधी विचारणाऱ्या व्यक्तीची परवानगी घ्या. दुखण्याचा प्रश्न असेल तर मी मजकूर स्वतः वाचते, नाव-गाव सांगत नाही. बातम्या आणि राजकारण बाजूला ठेवा, सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही.

मग जाणकार ठरवायचा. शेळ्यांचा प्रश्न असेल तर पशुवैद्यक, सातबाऱ्याचा असेल तर तलाठ्याच्या कामातलं कळणारं कुणीतरी. जाणकार मिळाला नाही तर तो प्रश्न पुढच्या गुरुवारी. एकटीने उत्तर द्यायच्या फंदात पडू नका.

आदल्या दिवशी मी उत्तर पाठ करत नाही, पण कुठली पानं उघडायची ते पाहून ठेवते आणि तीच लॅपटॉपवर साठवते. पावसाळ्यात आमची लाइन हमखास जाते. शोधयंत्र सगळ्यात वर जे तयार उत्तर देतं ते वाचू नका. ज्या पानावरून ते उचललंय ते उघडा, पान कुणाचं, केव्हाचं ते मोठ्याने सांगा आणि मगच वाचा. दोन पानं वेगवेगळं सांगत असतील तर तेही ऐकवा. श्रोत्यांना त्यात खरी गंमत वाटते, हे मला वर्षभराने कळलं.

मागे कुत्रं चावल्याचा प्रश्न आला होता. आमच्याकडे जखमेवर चटणी नाहीतर चुना लावायची पद्धत. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडम शेजारी, समोर जागतिक आरोग्य संघटनेचं पान. मी वाचलं, "जखम साबण आणि पाण्याने १५ मिनिटं धुवावी." मॅडम म्हणाल्या, "लोक चूळ भरल्यासारखी धुतात. १५ मिनिटं म्हणजे किती, ते कळत नाही." मी म्हटलं, "मॅडम, आता लावतेय ते गाणं ५ मिनिटांचं आहे. अशी तीन." गाणं संपल्यावर मॅडम एवढंच बोलल्या, "अजून दोन गाणी नळ चालू ठेवायचा. आणि मग लस टोचून घ्यायला यायचं, चटणी भाकरीबरोबर खायची." दुसऱ्या दिवशी दुधाच्या डेअरीवर लोक "तीन गाणी" म्हणत होते. इंग्रजी वाक्य मराठीत आणलं की काम संपत नाही. मिनिटं, मिली, हेक्टर यांचं गाणं, टोपण, गुंठे करून द्यावं लागतं.

आता यंत्रांचं. शोधायचा लॅपटॉप स्टुडिओतल्या आवाजाच्या मिक्सरला जोडू नका, त्याला जे जोडाल ते हवेवर जातं. गाणी वाजवणारा संगणक वेगळा, शोधायचा वेगळा, आणि शोधायच्या लॅपटॉपचा आवाज बंद. सुरुवातीला आमच्याकडे एकच मशीन होतं. पशुवैद्यक लाळ्या-खुरकतावर बोलत असताना एका पानावरची जाहिरात आपोआप सुरू झाली आणि गुडघेदुखीच्या तेलाची महती गावभर गेली. डॉक्टर बिचारे मिनिटभर गप्प. नंतर आठवडाभर लोक त्यांना तेलाचा भाव विचारत होते. फोनही स्टुडिओबाहेर ठेवा, सायलेंटवर ठेवलेला फोन टेबलावर थरथरला तरी माइक पकडतो.

पान उघडेपर्यंतच्या शांततेला नवे निवेदक घाबरतात आणि कसलंही संगीत सोडतात. त्याऐवजी काय टाइप करताय ते बोला: "'डाळिंब तेल्या' असं लिहिलं. पहिलं पान औषधविक्रेत्याचं दिसतंय, ते सोडू. दुसरं कृषी विद्यापीठाचं, ते उघडते." पोरं घरी बसून तसंच शोधायला लागतात. १० सेकंदांत पान आलं नाही तर जाणकाराकडे वळा, त्यांना अनुभव विचारा. फारच अडलं तर साठवलेलं पान काढा, पण ते साठवलेलं आहे असं सांगून.

आणि एक वही ठेवा. तारीख, प्रश्न, कुठलं पान वाचलं, जाणकार कोण. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग नियमाप्रमाणे तीन महिने जपावं लागतंच, पण तासाभराच्या फाइलीत नेमकं वाक्य शोधायला वहीच कामी येते. कुणी "तुम्ही त्या दिवशी असं म्हणालात" म्हणत दारात आलं की मी आधी वही काढते, मग चहा सांगते.