मारहाणीच्या घरातून बाहेर पडल्यावर कृतज्ञतेची वही कशी लिहायची

"उपकार मान" हे मी सात वर्षं ऐकलं. घरात ठेवलंय, उपकार मान. माहेरी नेऊन टाकलं नाही, उपकार मान. एकदा तर मनगट सुजलेलं आणि सासूबाई हळदीचा लेप लावत लावत म्हणाल्या, डॉक्टरकडे नेतोय ना तो, उपकार मान. त्यामुळे बाहेर पडल्यावर समुपदेशक ताई जेव्हा म्हणाल्या की रोज कशाबद्दल कृतज्ञ वाटतं ते लिहून बघा, तेव्हा माझं डोकंच फिरलं, म्हटलं झालं, इथेही तेच. वही आणली, पर्समध्ये टाकली आणि तीन महिने उघडली नाही. नंतर उघडली, उपयोग झाला, पण चुकत चुकत शिकले. तुमच्या तेवढ्या चुका वाचाव्यात म्हणून लिहितेय.

आधी हे बघा: तुम्ही खरंच बाहेर आहात का

अजून त्याच घरात असाल तर हा लेख वाचून ठेवा, पण वही सुरू करू नका. कारण त्या घरात मन हे आपोआप करतच असतं. आज नुसता ओरडला, मारलं नाही, चला बरं झालं. आज पोरांसमोर काही झालं नाही, नशीब. ही कृतज्ञता नाही, हा सुटकेचा श्वास आहे, आणि त्याच्याच जोरावर बाई अजून एक वर्ष काढते. मी काढली ना. आत्ता धोका असेल तर 112, आणि बोलायला, मार्ग विचारायला 181 ही महिला हेल्पलाइन. बऱ्याच जिल्ह्यांत सखी वन स्टॉप सेंटर आहे, तिथे तात्पुरता निवारा, पोलीस मदत, वकील, समुपदेशन हे एका ठिकाणी मिळावं अशी सोय केलेली असते. महाराष्ट्रात काही पोलीस ठाण्यांत महिला आणि मुलांसाठी विशेष कक्षही असतो, 1984 साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने हे काम सुरू केलं, तिथल्या ताई पोलिसांच्या नाहीत, समाजकार्यवाल्या आहेत, बोलायला सोप्या जातात.

वही कुठे ठेवायची

हे कोणी सांगत नाही म्हणून आधी सांगते. मोबाइलच्या नोट्समध्ये लिहिणार असाल तर तुमचं जुनं गूगल अकाउंट त्याच्या फोनवर किंवा घरातल्या जुन्या टॅबवर लॉगिन राहिलंय का ते बघा. माझं होतं. दीड महिना मी काय लिहितेय, कुठल्या मैत्रिणीकडे जातेय, सगळं तिकडे दिसत होतं. पासवर्ड बदला, बाकीच्या डिव्हाइसवरून साइन आउट करा, नाहीतर सरळ नवीन अकाउंट काढा. आणि मुलांना भेटायला तो येत-जात असेल तर कागदी वहीसुद्धा उशाशी नको. माझी किराणा हिशोबाच्या वह्यांच्या गठ्ठ्यात असायची, वर "दूध" लिहिलेलं. दुधाचा हिशोब कोण वाचतंय!

काय लिहायचं

छोटं लिहायचं. इतकं छोटं की दुसऱ्याला हसू येईल.

मी आधी लिहायचे "आईवडिलांचा आधार", "मुलीचं प्रेम", आणि लिहून झाल्यावर काहीच वाटायचं नाही, कारण ते शाळेतल्या निबंधासारखं झालं. शिवाय खरं सांगायचं तर आईवडिलांनी पहिले सहा महिने परत जा म्हणूनच सांगितलं, मग खोटं कशाला लिहायचं. मग एका संध्याकाळी असं झालं की खाली कोणाचीतरी बुलेट येऊन थांबली, साडेसातची वेळ, आणि माझे हात थांबले, कणीक अर्धी मळलेली परातीत. इंजिन बंद झाल्याचा आवाज, मग पावलं. जिन्यावरून वर गेली, तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांकडे. मी उठले, दाराची कडी बघितली, ती मीच लावलेली होती, आतून. त्या रात्री वहीत एकच ओळ लिहिली, "कडी मी लावली." आणि ते वाचून मला जे रडू आलं ते वर्षभरात आलं नव्हतं.

तेव्हा सूत्र असं धरा की डोळ्यांनी दिसेल, हाताला लागेल, कानावर येईल असंच लिहायचं. चहा पूर्ण गरम असताना प्यायला मिळाला. रिमोट माझ्याकडे होता. भाजीत मीठ जास्त पडलं आणि काहीच झालं नाही (ही माझी लाडकी ओळ आहे, वर्षभरात चार वेळा आहे वहीत). शरीराकडून सुरुवात केली तर अजून सोपं जातं, कारण इतकी वर्षं शरीर म्हणजे नुसतं दुखणारी गोष्ट झालेली असते, मग आज खांदा वर गेला, आज रात्री सलग चार तास झोप लागली, एवढंही चालतं.

काय लिहायचं नाही

"त्याच्यामुळे मी खंबीर झाले" हे लिहायचं नाही. कोणी म्हणालं तरी नाही. खंबीर तुम्ही झालात, त्याने फक्त मारलं. माफ करण्याचा आणि या वहीचाही काही संबंध नाही, ते करायचं असेल तर करा, नसेल तर नका करू. दोन्ही एकत्र शिकवणारे लोक भेटतात, सत्संगात तर फार भेटतात, त्यांना नमस्कार करून पुढे जायचं.

आणि राग दाबायला ही वही वापरू नका. मी वही उलटी करून मागच्या बाजूने रागाची पानं लिहायचे, त्यात शिव्यासुद्धा आहेत. काही महिने मागची बाजू पुढे होती, बिघडलं काही नाही.

अजून एक मोठी गल्लत. "मुलगी माझ्याकडे आहे हेच खूप, आता पोटगीबिटगी काही नको." मी हे बोलले होते, आणि आमच्या वकीलबाईंनी फाइल बंद करून माझ्याकडे बघितलं होतं. समाधान वेगळं आणि हक्क वेगळा. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यात संरक्षणाचा आदेश मागता येतो, राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर तुमच्या नावावर नसलं तरी, खर्च आणि नुकसानभरपाई मागता येते, आणि स्त्रीधन तुमचंच आहे. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला तिथे मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. वहीत "आज तारखेला वेळेवर पोचले" असं लिहा की, पण केस सोडू नका.

किती वेळा

रोज लिहायलाच पाहिजे असं नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा 2003 चा अभ्यास यातला सगळ्यात गाजलेला, त्यातल्या एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या, आणि कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा त्यांना आयुष्याबद्दल बरं वाटत होतं. पण ती होती कॉलेजची मुलं, मार खाऊन बाहेर पडलेल्या बायका नव्हेत, म्हणून याला औषध समजू नका. मला रविवारी दुपारी जमायचं, मुलगी झोपलेली असायची.

सणांचं मात्र वेगळं. वटपौर्णिमा, संक्रांतीचं हळदीकुंकू, दिवाळीचा पाडवा, या दिवशी जबरदस्तीने काही छान शोधू नका. पहिल्या पाडव्याला सगळ्या बिल्डिंगमध्ये ओवाळणं चाललेलं आणि मी दार लावून पडून होते. त्या दिवसाच्या पानावर "उशी गार होती" एवढंच आहे.

एकदा तरी तोंडाने सांगा

आमच्या समोरच्या काकूंनी माझी पिशवी आठ महिने त्यांच्या कपाटात ठेवली, आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक, मुलीचा जन्मदाखला आणि दोन बांगड्या. एकदाही काय चाललंय म्हणून विचारलं नाही. वर्षभराने पेढे घेऊन गेले, म्हटलं काकू तुमच्यामुळे, तर त्या गॅसकडे तोंड करून म्हणाल्या, "माझ्या वेळी कोणी ठेवून घेतली नाही गं." देशाच्या 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या दर दहापैकी जवळजवळ तीन बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलंय, हे मी ऐकून होते, पण काकू त्यात असतील हे डोक्यात आलं नव्हतं.

असं कोणी तुमच्याही बाजूला असेल, रिक्षावाला, शाळेतल्या बाई, ऑफिसातली कोणी. त्यांनी नेमकं काय केलं ते सांगा, दोन वाक्यं पुरतात. लगेच उतराई व्हायच्या मागे लागू नका, सोन्याचं काही नेऊ नका, नाहीतर परत तेच उपकाराचं ओझं. आणि जुन्या घराशी अजून संबंध असलेल्या माणसाला सांगायला जाऊ नका, बोलणं तिकडे पोचतं.

स्वतःचंही एक पान ठेवा. मी लिहिलंय, "त्या दिवशी रिक्षात बसलीस आणि मागे बघितलं नाहीस, थँक्यू." वाचायला अजून लाज वाटते, पण फाडलं नाही.

जमत नसेल तर

वही उघडली की जुन्या रात्रीच आठवतात, झोप लागत नाही, घाम फुटतो, जगावंसं वाटत नाही, असं असेल तर वही बंद करा आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर फोन करा, सरकारी आहे, मोफत आहे, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं. गोळ्या लागल्या तर घ्या, मी वर्षभर घेतल्या.

आणि मधे आठवडे सुटले तर मागचं भरून काढत बसू नका. माझ्या वहीत मार्च ते जून काहीच नाही, जुलैच्या पानावर एकदम "छत्री सापडली" असं आहे.