मणक्याचा कॉन्ट्रास्ट एमआरआय: आदल्या दिवसापासूनची तयारी

चिठ्ठीवर ‘कॉन्ट्रास्टसह’ (म्हणजे चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून औषध देऊन) लिहिलं असेल, तर कशासाठी ते डॉक्टरांना आधी विचारा. साध्या कंबरदुखीला कॉन्ट्रास्ट सहसा लागत नाही. मणक्याचा टीबी, गाठ किंवा ऑपरेशननंतर पुन्हा दुखू लागलेली पाठ असेल तर मात्र लागतो. मग नौपाड्यात, वाशीत, जवळ असेल त्या लॅबमध्ये क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. एमआरआयसाठी कॉन्ट्रास्ट म्हणून शिरेतून देतात ते गॅडोलिनियम लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनी आधी बघायची. ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून काढलेला, किडनी किती गाळते याचा आकडा) ३० च्या खाली असेल किंवा डायलिसिस चालू असेल, तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा आणि कोणतं औषध देणार तेही विचारा. गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरेट यांसारखी मॅक्रोसायक्लिक (गॅडोलिनियम रिंगमध्ये घट्ट धरून ठेवणारी) औषधं अशा रुग्णांना जुन्या लिनिअर औषधांपेक्षा बरीच सुरक्षित आहेत.

पूर्वी कॉन्ट्रास्टने अंगावर गांधी उठल्या असतील, दम लागला असेल, तर हे आदल्या दिवशीच कळवायला हवं. गरज पडली तर स्टेरॉइडच्या गोळ्या १२-१३ तास आधीपासून सुरू करतात. टेबलावर झोपल्यावर सांगून तो वेळ परत मिळत नाही. दमा असेल, दिवस गेले असतील, पेसमेकर असेल, तेही तेव्हाच सांगा. कोळंबी सोसत नाही म्हणून मात्र घाबरू नका, तिचा गॅडोलिनियमशी संबंध नाही.

चिठ्ठीवर सीटी मायलोग्राम असेल तर तयारी वेगळी. त्यात कंबरेतून सुई घालून आयोडीनचं औषध मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि फिट येण्याचा त्रास आधी सांगा. नंतर काही तास डोकं उंच ठेवून पडायचं असतं.

घोडबंदर रोडचं ट्रॅफिक धरून लवकर निघा. मंगळसूत्र, सेफ्टी पिना घरीच काढून ठेवा, जुने रिपोर्ट घ्या. मशीनमध्ये हातात रबरी फुगा देतात, तो दाबला की कर्मचाऱ्यांना कळतं. औषध जाताना हात गार पडणं, तोंडाला धातूसारखी चव येणं, थोडं मळमळणं हे बहुधा लगेच ओसरतं. पण सुईपाशी आग झाली, घसा आवळला, खाज सुटली तर फुगा लगेच दाबा, स्कॅन बिघडेल म्हणून सोसत पडू नका.

झाल्यावर अर्धा तास तिथेच बसा. गंभीर रिॲक्शन क्वचितच येते, पण आली तर बहुतेक वेळा याच वेळात, तेव्हा ट्रेनसाठी सुई काढायची घाई करू नका. नंतर एक-दोन दिवसांत पुरळ उठलं तर सेंटरला फोन करा. औषधाचं नाव आणि मात्रा रिपोर्टवर आहे का ते निघण्यापूर्वी बघा, नसेल तर लिहून घ्या. पुढच्या वेळी ‘गेल्या वेळी काय दिलं होतं?’ असं विचारणारच आहेत.