बुरशी लागलेल्या कॅसेटमधून आमचा विज्ञानपट वाचवला

१९९९ साली सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावाकाठी आम्ही मित्रांनी तासाभराचा विज्ञानपट काढला होता. यानाच्या भिंती म्हणजे टांगलेल्या सोलापुरी चादरी. आमच्या गल्लीला तो आजही तोंडपाठ आहे. पंचवीस वर्षं झाली म्हणून घरोघरी पेन ड्राइव्ह द्यायचं ठरलं, आणि व्हीएचएस कॅसेट काढून बघतो तर टेपच्या कडेला पांढरी बुरशी.

अशी कॅसेट चुकूनही व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी टेप वाचणाऱ्या हेडवर बसते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. मी तोंडाला मास्क बांधून मागचे पाच स्क्रू काढले, रिळं हातानं फिरवत अख्खी टेप धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडातून हळूहळू ओढली. दोन रविवार गेले. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं.

चित्र आलं, पण चादरींचे उभे पट्टे लाटांसारखे हलत होते. सिग्नल एका जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून फिरवल्यावर ते सरळ झाले. पाल या आपल्याकडच्या व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, प्रत्येकीत दोन फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं. ती सुटी करून ५० फ्रेम केल्यावर धावपळीतल्या दातेरी कडा गेल्या.

यान लटकवलेला दोरा पुसता आला असता. मी ठेवला. तो धरणारा मित्र आता नाही, आणि दोरा थरथरतो तेव्हा त्याचाच हात दिसतो.