केसांचा टोप घरी रंगवताना या चुका टाळा

बेळगावात वैशाख शुद्ध द्वितीयेची शिवजयंती जवळ आली की मंडळामंडळांत चित्ररथांची तयारी सुरू होते आणि पात्रे ठरताच केसांच्या टोपांची शोधाशोध लागते. भाड्याचे टोप आधीच गेलेले असतात, बाजारात उरलेला टोप तपकिरी किंवा लालसर निघतो आणि मग कोणीतरी म्हणते, "रंगवून घेऊया की." सूचना वाईट नाही. मात्र कृत्रिम टोप हा प्लॅस्टिकच्या धाग्यांचा असतो, हे विसरून त्याला केसांसारखे वागवले की तो हमखास बिघडतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. एका मावळ्यासाठी आणलेल्या लालसर टोपाला मी काळी मेंदी थापून तो रात्रभर ठेवला. सकाळी धुताना रंग सगळा मोरीत वाहून गेला. धागे होते तसेच लालसर राहिले आणि आतली सुती पट्टी तेवढी काळी झाली. मेंदीतले रंगद्रव्य केसांतल्या केराटिन या प्रथिनाला धरते, तर डब्यातला केसांचा रंग अमोनियाच्या साहाय्याने केसाचे खवले उघडून आत शिरतो. पॉलिएस्टर किंवा मॉडाक्रिलिक अशा कृत्रिम धाग्यात प्रथिनही नाही आणि खवलेही नाहीत, त्यामुळे तो रंग कितीही वेळ ठेवला तरी धरत नाही.

म्हणून आधी धागा ओळखावा. मानेकडच्या आतल्या बाजूने दोन-चार धागे कापून, चिमट्यात धरून, पाण्याच्या वाटीवर जाळून पाहावेत. खरा केस जळताना पिसे जळल्यासारखा वास येतो आणि त्याची भुकटी होते. कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी होतो. गंगावन रंगवायचे असेल तरी हीच परीक्षा घ्यावी, कारण आजकाल तीही बहुधा कृत्रिमच मिळतात.

दुसरी चूक कापडाच्या रंगाची. वडगाव, शहापूर, खासबाग भागात ज्यांच्या ओळखीत माग आहेत, त्यांना सुताचा किंवा रेशमाचा रंग मागून आणण्याचा मोह होतो. पण तो रंग पॉलिएस्टरवर टिकत नाही. पॉलिएस्टरला डिस्पर्स जातीचा रंग लागतो. तो पाण्यात विरघळत नाही, त्याचे बारीक कण पाण्यात तरंगत राहतात आणि उष्णतेने धागा सैल झाला की आत शिरतात. कारखान्यात हे काम दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सिअसला चालते. घरच्या पातेल्यात पाणी उकळीच्या वर जात नसल्याने मध्यम छटा मिळते, गडद काळा मात्र सहसा साधत नाही. शिवाय उष्णता सहन करणारा असा उल्लेख वेष्टनावर असेल तरच टोप गरम पाण्यात घालावा. खात्री नसेल तर कापलेले धागे आधी दहा मिनिटे त्या पाण्यात ठेवून पाहावेत. ते शेवयांसारखे आखडले तर टोपाचेही तेच होणार. रंगासाठी वापरलेले जर्मनचे पातेले पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये.

आमच्यासारख्या हौशी मंडळींना थंड पद्धत अधिक सोयीची पडते. काळ्या परमनंट मार्करमधली शाईची कांडी काढून ती औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवावी, शाई उतरली की ते पाणी फवारणीच्या बाटलीत भरावे आणि उलट्या घागरीवर बसवलेल्या टोपावर बटेबटेने फवारावे. हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास शेगडी, समई किंवा उदबत्ती पेटलेली नसावी, कारण अल्कोहोल चटकन पेट घेते.

रंग ठिपक्याठिपक्यांनी बसला, तर टोप आधी धुतलेला नव्हता असे समजावे. नव्या धाग्यांवर चकाकीसाठी लेप असतो. भांड्यांच्या साबणाच्या पातळ द्रावणात थंड पाण्याने धुऊन, सावलीत पूर्ण वाळवल्याशिवाय शाई सारखी पसरत नाही. काळ्याऐवजी जांभळट किंवा हिरवट झाक आली, तर शाई फार पातळ झाली आहे: काळी शाई बहुधा अनेक रंगांच्या मिश्रणातून बनते आणि पातळ केली की ते रंग उघडे पडतात. अल्कोहोल कमी करून, थोडी तपकिरी शाई मिसळून दुसरा हात द्यावा, आणि छटा ट्यूबलाइटखाली न पाहता दिवसाच्या उजेडात पाहावी. धागे एकमेकांना चिकटले, तर एकाच वेळी जास्त फवारले गेले आहे. पातळ हात तीन-चार वेळा द्यावेत आणि प्रत्येक हात वाळल्यावर रुंद दातांच्या फणीने टोकाकडून वर विंचरत जावे. गुंता सोडवण्यासाठी तेल लावू नये आणि घाई म्हणून गरम हवेचे यंत्रही लावू नये. खानापूरकडच्या पावसाळी हवेत टोप वाळायला दोन दिवस लागले तर लागू द्यावेत. होरपळून कुरळलेला धागा सरळ होत नाही, तो कापूनच टाकावा लागतो.

गडद टोप फिका मात्र कोणत्याही उपायाने होत नाही. ब्लीचचा त्यावर उपयोग नाही, उलट आतली जाळी आणि इलॅस्टिक कमकुवत होते. म्हातारे पात्र असेल तर पांढरा टोपच विकत घ्यावा आणि हवे तिथे थोडे काळे मिसळावे.

रंगवलेला टोप थंड पाण्यात निवळ पाणी येईपर्यंत खळबळावा. मिरवणूक रात्रभर चालते आणि उकाड्यात मानेवर घाम येतो, म्हणून आदल्या दिवशी ओल्या पांढऱ्या फडक्याने टोप आतून-बाहेरून चोळून पाहावा. फडके काळे झाले तर अंगरख्याची कॉलरही काळी होणार. टोप डोक्यावर चढवल्यावर हेअर स्प्रे किंवा अत्तराचा फवारा मारू नये. त्यांत बहुधा अल्कोहोल असते आणि ते ही शाई पुन्हा सोडवते. टोपाची कड कपाळाला स्पिरिट गमने, म्हणजे अल्कोहोल असलेल्या रंगभूषेच्या डिंकाने, चिकटवायची असेल तर त्या कडेचे बोटभर धागे शाईने न रंगवता सोडावेत आणि तिथे रंगभूषेची काळी पेन्सिल फिरवावी.