सेप्टिक शॉक: बीपी आलं, पण केशवाहिन्यांचं काय? या चुका टाळा

नॉरअ‍ॅड्रेनालिन हे बीपी वाढवणारं औषध चढवलं, मीन (सरासरी) बीपी ६५ वर आलं, की सेप्टिक शॉकचा (संसर्गामुळे बीपी कोसळलेला) पेशंट सावरला असं धरून चालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मोठ्या रक्तवाहिन्यांतला दाब सुधारला तरी केशवाहिन्यांतला प्रवाह अडलेलाच राहू शकतो. उपचारांनंतरही तो अडलेला राहणं हे अवयव निकामी होण्याच्या आणि मृत्यूच्या धोक्याचं लक्षण मानतात.

हे पाहायला महागडं यंत्र लागत नाही. सीआरटी, म्हणजे कॅपिलरी रिफिल टाइम, पुरतो. पण तो मोजायचा नीट. उजव्या तर्जनीच्या टोकावर आतल्या बाजूने काचेची स्लाइड ठेवा. त्वचा पांढरी पडेपर्यंत दाबा, दाब १० सेकंद तसाच ठेवा, सोडा आणि मूळ रंग यायला किती सेकंद लागले ते घड्याळावर मोजा. ३ पेक्षा जास्त म्हणजे लांबलेला. अंगठ्याने दोन सेकंद दाबून मनातल्या मनात मोजलेला आकडा शीटवर लिहूच नका. दिवसपाळीने नखावर आणि रातपाळीने बोटाच्या टोकावर मोजलं, तर दिसणारा फरक पेशंटचा नसतो, पद्धतीचा असतो.

रावेर-यावलकडच्या केळीबागांत राबणाऱ्यांची बोटं चिकाने काळी पडलेली असतात, कातडीही जाड. आखाजीच्या दिवसांत मेंदी असते. अशा वेळी रंग स्पष्ट दिसणारं बोट निवडा, त्याची नोंद करा आणि पुढे तेच बोट वापरा. बाहेर मे महिन्याचं जळगाव तापलेलं आणि आत एसीचा झोत थेट हातावर, हेही नेहमीचंच. गार बोटाचा सीआरटी लांबतो. आधी हात पांघरुणात घ्या. बीपीचा पट्टा फुगत असलेल्या हातावर मोजू नका.

एकाच आकड्यावरून नातेवाइकांना भविष्य सांगू नका. बोलतो तो कल. २०१९ च्या अँड्रोमेडा-शॉक चाचणीत सुरुवातीच्या ८ तासांचे उपचार एका गटात दर अर्ध्या तासाने सीआरटी पाहून आणि दुसऱ्यात दर २ तासांनी लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारं द्रव्य) पाहून ठरवले होते. २८ दिवसांतले मृत्यू सीआरटी गटात ३४.९ टक्के, लॅक्टेट गटात ४३.४ टक्के. फरक डोळ्यात भरतो, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला तो थोडक्यासाठी उतरला नाही. म्हणून ‘सीआरटीने जीव वाचतो हे सिद्ध झालं’ असं कुणी म्हटलं तर मान डोलावू नका.

सीआरटी लांबला की सलाईनची बाटली लावायची, हीदेखील चूकच. आधी पाय उचलून हृदयाचं आउटपुट (दर मिनिटाला बाहेर फेकलेलं रक्त) वाढतं का पाहा. वाढत नसेल तर जादा पाणी फुप्फुसात जाईल.

लॅक्टेट अ‍ॅड्रेनालिनच्या ड्रिपने, लिव्हर बिघडल्यानेही चढतं राहतं. प्रवाह अडल्यावर उठणारे गुडघ्याभोवतीचे जांभळट चट्टे ० ते ५ गुणांत मोजतात, पण सावळ्या कातडीवर ते लपतात. शून्य आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

केशवाहिन्यांतला प्रवाह दाखवणारा जिभेखालचा कॅमेरा हाताशी असेलच, तर लाळ टिपून घ्या आणि किमान ३ जागांचं चित्रण करा. व्हेन्यूलमधलाही (केशवाहिन्यांपुढच्या बारीक शिरेतलाही) प्रवाह थांबलेला दिसला, तर पेशंटआधी स्वतःच्या हातावर संशय घ्या: कॅमेरा जोरात टेकला असण्याचीच शक्यता जास्त.