गांजाविषयीची आरोग्यजागृती मोहीम: आखणी आणि मूल्यमापन

पुण्यात गांजाविषयी आरोग्यजागृतीची मोहीम आखताना पहिले काम फलक रंगवण्याचे नसून ऐकून घेण्याचे आहे. सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत बसणारा स्पर्धापरीक्षेचा विद्यार्थी आणि हिंजवडीत रात्रपाळी करणारा तरुण यांची कारणे एकच नसतात. म्हणून आठ-दहा जणांच्या गटांत, नावे न नोंदवता, त्यांचे समज आधी जाणून घ्यावेत. "झाडपालाच तर आहे, त्याने काय होणार?" हे वाक्य हमखास कानावर पडेल आणि संदेशाची सुरुवात तिथूनच करावी. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या व्याख्येत गांजा व चरस येतात, भांग ज्यापासून बनते ती नुसती पाने येत नाहीत. पण म्हणून भांग निरुपद्रवी ठरत नाही. कोवळ्या वयातील नियमित सेवनाने स्मरण व एकाग्रता ढासळते आणि मनोविकृतीचा धोका वाढतो, हे साध्या शब्दांत सांगावे.

कवटीची चित्रे मात्र टाळावीत. अमेरिकेत १९९८ पासून चाललेल्या राष्ट्रीय मोहिमेच्या जाहिराती मुलांच्या लक्षात राहिल्या, पण त्यामुळे गांजाचे सेवन घटल्याचे मूल्यमापनात आढळले नाही. म्हणूनच वाटलेल्या पत्रकांची संख्या हे यशाचे माप मानू नये. मोहिमेपूर्वी, ती संपताच आणि सहा महिन्यांनी तीच प्रश्नावली भरून घ्यावी, आणि मोहीम न पोहोचलेल्या तशाच एका महाविद्यालयातही ती द्यावी; नाहीतर परीक्षेच्या हंगामामुळे झालेला बदल मोहिमेच्या खात्यावर जमा होतो.

व्यसनमुक्तीचा १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक प्रत्येक फलकावर ठळक असावा, आणि छपाईपूर्वी तो स्वतः फिरवून पाहावा.