मज्जारज्जूला पल्स देऊन स्नायूंचा प्रतिसाद तपासण्यापूर्वी

पाठीच्या त्वचेवरून मज्जारज्जूला एक मिलिसेकंदाची विद्युतपल्स दिली की मांडीचे आणि पोटरीचे स्नायू क्षणभर आकसतात. पल्सने बहुधा मज्जारज्जूला जोडलेल्या मज्जातंतूंच्या मागच्या मुळांतले जाड संवेदी तंतू (संवेदना आत नेणारे) चेततात, संदेश मज्जारज्जूत शिरतो आणि तेथील प्रेरक पेशींमार्फत (स्नायूंना हलवणाऱ्या) स्नायूपर्यंत येतो. मात्र पल्स पुढच्या मुळांतल्या प्रेरक तंतूंना थेट लागली, तरी पाय तसाच उडतो आणि डोळ्यांना फरक कळत नाही. तो ओळखता यावा, यासाठीच पुढची सारी तयारी आहे.

ज्या व्यक्तीची चाचणी करायची तिच्याकडे आदल्या दिवशीच पेसमेकर, गर्भारपण, अपस्मार, कण्यात बसवलेल्या सळ्या व स्क्रू आणि पाठीवरच्या जखमा यांची चौकशी करून घ्यावी आणि यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांच्या निर्णयाशिवाय पुढे जाऊ नये. बॅक्लोफेन (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारे औषध) चालू असल्यास ते परस्पर बंद करण्यास सांगू नये, पण शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लिहून ठेवावे, कारण त्या औषधाने हाच प्रतिसाद दबतो. घरच्यांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी: त्या सकाळी पायांना तेलाने मालिश करू नये. आपल्याकडे लुळ्या पायांना रोज तेल चोळण्याची पद्धत आहे, आणि तेलकट त्वचेवर चिकट इलेक्ट्रोड दहा मिनिटेही धड टिकत नाही.

मज्जारज्जूची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल, तर मूत्राशय रिकामे करून घेतल्याशिवाय चाचणीला हात घालू नये. अशा व्यक्तीचा रक्तदाब अचानक चढू शकतो, म्हणून मूळचा रक्तदाब आधी नोंदवावा. डोके ठणकू लागले, चेहरा लाल झाला किंवा दरदरून घाम फुटला, तर पल्स तत्काळ थांबवून व्यक्तीला उठवून बसवावे, घट्ट कपडे व पट्टे सैल करावेत आणि डॉक्टरांना बोलवावे.

पाठीवरच्या इलेक्ट्रोडची जागा अंदाजाने ठरवू नये. दोन्ही कमरेच्या हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेषा साधारण कमरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते. तेथून बोटाने चाचपत चार मणके वर मोजले की छातीचा बारावा मणका लागतो, आणि त्याच्या व अकराव्याच्या मध्ये इलेक्ट्रोड बसवावा. परतीच्या प्रवाहासाठीचे दोन मोठे इलेक्ट्रोड बेंबीच्या दोन्ही बाजूंना लावावेत. व्यक्तीला उताणे निजवावे. पालथे निजवल्यास प्रेरक तंतू थेट चेतण्याची शक्यता वाढते, आणि नेमका तोच घोटाळा आपल्याला टाळायचा आहे.

ईएमजीसाठी (स्नायूंतल्या विद्युत हालचालीच्या आलेखासाठी) मांडीचा पुढचा व मागचा भाग, नडगीचा बाहेरचा भाग आणि पोटरी येथील केस काढून, त्वचा स्पिरिटने पुसून, दोन इलेक्ट्रोडमध्ये सुमारे २ सेंटिमीटर अंतर ठेवावे. मांडीचा प्रतिसाद पल्सनंतर साधारण १० मिलिसेकंदांतच येतो, त्यामुळे पल्सचा स्वतःचाच विद्युत उसळा आलेखात त्याला चिकटून दिसतो. आलेखात घरगुती विजेची ५० हर्ट्झची गुणगुण दिसली, तर आधी खाटेची मोटर, चार्जर आणि अर्थिंग तपासावे; फिल्टरचा आधार घेणे सर्वांत शेवटी, कारण त्याने हा उसळा लांबून खऱ्या प्रतिसादावर पसरतो.

प्रवाह सुरू करण्यापूर्वी पोट व पाठ आवळल्यासारखी वाटेल, हे व्यक्तीला सांगून ठेवावे. नंतर ५-५ मिलिअँपिअरने प्रवाह वाढवत कोणता स्नायू कितीवर जागा होतो ते लिहावे आणि ५० मिलिसेकंदांच्या अंतराने दोन पल्स द्याव्यात. दुसरा प्रतिसाद स्पष्टपणे खुजा आला, तर संदेश मज्जारज्जूतून फिरून आलेला आहे, कारण त्या वाटेवर पहिली पल्स पुढचा प्रतिसाद काही काळ दाबून ठेवते. दोन्ही जवळपास सारखे आले, तर पल्स प्रेरक तंतूंना थेट लागत असावी; इलेक्ट्रोड जरा वर सरकवून पुन्हा पाहावे. दर जोडीनंतर किमान १० सेकंद थांबावे, अन्यथा आधीच्या पल्सचे दडपण पुढच्या जोडीत उतरते.

जागा पक्की झाली की तिच्याभोवती पेनाने खूण करावी, पण कमरेच्या त्या रेषेपासूनचे सेंटिमीटरही वहीत लिहावेत. पेनाची खूण पुढच्या आंघोळीत निघून जाते.